हिरव्या लुगड्यातली पेटी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हसून विषय बदलणाऱ्यांपैकी मी. भद्रावतीला शाळेत गणित शिकवते... मधली पायरी दिसल्याशिवाय उत्तराला मार्क देत नाही. म्हणूनच हे लिहायला कचरत होते. पण आई म्हणाली, "लिही ना वो, खोटं थोडीच हाये!"

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आईबाबा वडशाला राहतात. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. उभी हयात झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवली, मंडळी त्यांना 'मास्तर' म्हणायची. वीस वर्षांपूर्वी गुडघे थकले तेव्हा काम सोडलं आणि पेटी आपल्या तबलजीला, गणपतभाऊंना, देऊन टाकली. गणपतभाऊ मूलला राहायला गेले, भेटीगाठी संपल्या.

एका सकाळी आईचा फोन — "तुझे बाबा मले वळखून नाई राह्यले!"

धावत गेले. बाबांना शर्टाची बटणं लावता येईनात. चहाचा कप हातात धरून "हे काय हाये?" म्हणून विचारत होते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोन्या गावच्या?" मी हसून गावाचं नाव सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आठवड्यापूर्वी हाच माणूस बाजारात वांग्यांच्या भावावरून वाद घालत होता!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, सगळं तपासून झालं. काही निघालं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "घरातल्या सगळ्या गोळ्या आणून दाखवा." पिशवीच नेली. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून एक गोळी आधीपासून सुरू होती. त्यात अंगाला खाज सुटली म्हणून आईने दुकानातून दुसरी आणली होती, गुंगी आणणारी. डॉक्टर म्हणाले, "या दोन्ही मिळून म्हाताऱ्या माणसाचं डोकं असं भरकटवतात. दोन्ही बंद. थोडे दिवस लागतील... घाबरू नका."

इथपर्यंत सगळं गणितात बसतं.

घरी आलो. दुपारी बाबा खाटेवर पडल्या पडल्या एकदम हसले. "गणपत येऊन राह्यला. काळीपिवळी जीप पंक्चर झाली ना सिंदेवाहीच्या अलीकडं... बसला बिचारा झाडाखाली, पेटी मांडीवर घेऊन. हिरव्या लुगड्यात बांधली हाये."

आई म्हणाली, "बरळून राह्यले." मीही तेच समजले.

चारच्या सुमारास दारात हाक आली — "हाये का घरी मास्तर?"

गणपतभाऊ! धुळीने माखलेले, काखेत पेटी... हिरव्या लुगड्यात बांधलेली. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

"उशीर झाला बाई," ते टेकत म्हणाले. "काळीपिवळी पंक्चर झाली सिंदेवाहीच्या अलीकडं. दोन घंटे झाडाखाली बसलो."

"पण आज... काऊन आलात?"

"काय सांगू! सकाळी उठलो, पेटीकडं पाह्यलं, वाटलं हे तं मास्तरची. बायकोच्या लुगड्यात बांधली अन् निघालो."

बाबांचा फोन दोन दिवस माझ्या पर्समध्ये बंद पडून होता. गणपतभाऊंचा नंबर आमच्या कोणाकडेच नव्हता. आईला मी तीन-तीनदा विचारलं.

त्या दिवशी बाबांनी त्यांना ओळखलं नाही. गणपतभाऊ म्हणाले, "वळखल्याबिगर जात नाई," आणि राहिले. बाबांचा हात धरून अंगणात चालवायचे, घास भरवायचे.

चौथ्या सकाळी मी भाजी निवडत होते. आतून बाबांचा आवाज, चांगला खणखणीत — "अबे गणपत! तू कवा आला बे?"

मी आत धावले. शर्टाची बटणं नीट लावलेली! मला पाहून म्हणाले, "पोरी, तू शाळा सोडून इथी काय करून राह्यली?" आई पदर तोंडात कोंबून रडत होती आणि हसतही होती. गणपतभाऊंनी पेटी पुढे सरकवली. बाबांनी भाता हलवला, दोन सूर चुकले, तिसरा लागला. तबला नव्हता म्हणून गणपतभाऊंनी स्वयंपाकघरातला गंजच उपडा घालून त्यावर ठेका धरला. तासाभरात आळीतल्या बायका दारात जमल्या, आईने परातभर पोहे केले.

काळीपिवळीचं, लुगड्याचं बाबांना विचारलं. "मले काय माहीत बा?" एवढंच उत्तर. त्या दिवसांतलं त्यांना काहीही आठवत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "भास का झाले ते सांगू शकतो. खरे कसे निघाले ते मलाही माहीत नाही."

मलाही नाही. मधली पायरी सापडत नाही... पण या एका उत्तराला मी पूर्ण मार्क देऊन टाकलेत.