सबसाइड व्हायची वाट

शाळेत शिकवायला लागलं की किस्से असे साठतात, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय बाई चैन पडत नाही. मी धारहून धामनोदला अप-डाउन करते, तिथल्या हिंदी शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात ‘सबसाइड’ हा एकच शब्द घेतला, त्याचंच बघा!

*

आदल्या दिवशी सासूबाईंना सांगत होते, ताप उतरतो, पूर ओसरतो, राग शांत होतो, वारा पडतो. इंग्रजीत सगळ्यांना हा एकच शब्द. त्या म्हणाल्या, “एकाच हाकेनं तापही जायचा नि पूरही? कोण ऐकणार ग!”

*

वर्गात विचारलं, काय काय सबसाइड होतं? दीपू म्हणाला, प्रिन्सिपल सरांचा राग. सर नेमके दारात.

सर शांतपणे म्हणाले, “बेटा, अभी तो चढ़ रहा है.”

*

मग पूजा उठली. म्हणाली, ब्रेकची गरमी. तिचे पापा ट्रक चालवतात. घाटात ब्रेक तापले की गाडी बाजूला लावायची, चहा प्यायचा, ब्रेक गार होईस्तो हलायचं नाही, हा त्यांचा नियम. खाली पोचले की घरी फोन. मी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या.

*

परवा मात्र पूजाचं लक्षच नव्हतं. पापांनी सकाळी घाटमाथ्यावरून फोन केलेला, पण ती शाळेला निघेपर्यंत उतरल्याचा आला नव्हता. तेवढ्यात रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स घाटाकडे गेली. मागोमाग दुसरी. त्या उतारावर ब्रेक फेल होऊन नेहमी अपघात होतात; धामनोदमध्ये याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. सगळी पोरं पूजाकडे बघायला लागली.

वर्गात फोन चालत नाही, पण मी माझा मोबाइल तिच्या हातात दिला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. खोटं कशाला सांगू, मला सगळे देव आठवले.

मग एकदाचा उचलला. स्पीकर चालू होता, अख्ख्या वर्गानं ऐकलं. ब्रेक तापले होते, म्हणून ते टपरीवर चहा पीत बसले होते; फोन गाडीतच राहिलेला. आता शाळेच्या वेळेत फोन केला म्हणून पोरीवर असे भडकले, की थांबायचं नावच घेईनात. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर पूजानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“और डाँटो ना, पापा,” ती म्हणाली.