पडद्यातलं पिवळं लुगडं

लोणारच्या तळ्याला वास येतो म्हणून फिरायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. त्यांना आमच्या गावातलं नाटकाचं सभागृह दाखवायला पाहिजे. आता तिथं रंग मारून राह्यले, पर्यटकांसाठी काहीतरी करणार म्हणे. मी मागच्या हप्त्यात आत गेलो. दारातच तंबाखू-खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, खुर्च्यांखाली दारूच्या बाटल्या, वरून कबुतरांची घाण. नाकाला दुपट्टा लावून पुढं गेलो. पण मी रंग पाहायला गेलो नव्हतो. मला पडदा पाहिजे होता.

हे सभागृह आमच्या जवानीत गावानं बांधलं. कोणी दगड दिले, कोणी छपराच्या टिना, ज्याच्याजवळ काही नव्हतं त्यानं अंग मोडून काम केलं. नाटकात बाईचं काम माणसंच करत, मिशा काढून. बायांना स्टेजवर पाय ठेवायची सोय नव्हती. मग म्हाताऱ्या बायांनी ठरवलं, पडदा आमचा. घरटी एक लुगडं. फाटकं चालणार नाही, चांगल्या कार्यात नेसलेलं पाहिजे. माझी बायको तेव्हा नवी नवरी. तिनं हळदीचं पिवळं लुगडं काढलं. माझी माय म्हणाली, "दुसरं दे न वो, हे काऊन देते?" तिनं तेच दिलं.

पडद्याची दोरी ओढायचं काम माझ्याकडं होतं. मला पाठांतर होत नसे, दुसरं काय देणार. तिनं आपलं लुगडं नेमकं दोरीच्या बाजूला जोडलं आणि त्यावरच्या कड्या दुहेरी दोऱ्यानं शिवल्या. नाटक सुटल्यावर मी विचारायचो, कसं झालं? म्हणायची, "मले काय ठाऊक? मी तं पडदाच पाहात होती. मधात अटकला तुमचा."

पुढं नाटक बसवणारे मेले. पोरं कामाला पुण्याकडं गेली. सभागृहात व्हिडिओ लागला, मग लग्नं, मग पुढाऱ्यांच्या सभा. पडदा बाजूला गुंडाळून पडलेला. लग्नातले लोक जेवून त्याला हात पुसत. तिनं एकदा ते पाहिलं आणि घरी येऊन जेवली नाही.

मागच्या साली ती गेली. आमच्यात रीत आहे, तेरवीला बाईचे कपडे वाटून टाकायचे. सुनांनी पेटी रिकामी केली. पाहुणे गेल्यावर मी पाहिलं तर घरात तिच्या अंगावरची एक चिंधी नव्हती. तेव्हापासून तो पडदा माझ्या डोक्यात होता.

सभागृहाचा चौकीदार मोबाइल पाहत बसला होता.

"जुना पडदा कुठी आहे बे?"

"त्याचं काय करता बाबाजी? आता इथं टीव्हीसारखा मोठ्ठा पडदा येऊन राह्यला."

"मले लुगड्याचाच पाह्यजे."

"तो कुजला होता. रंगवाल्याइनं फाडून पुसाले घेतला. एका तुकड्याच्या कड्या मजबूत निंघाल्या, तेवढा कामी आला."

त्यानं हात केला, तिकडं संडास होता. दरवाजा अजून बसला नव्हता. चौकटीत तिचं लुगडं लटकत होतं. पिवळं कसलं, मातकट. खालच्या काठाला काय लागलं होतं ते लिहीत नाही. आतून एक रंगवाला निघाला, त्यालाच हात पुसून गेला.

मी ते काढायला लागलो. चौकीदार उठला. "अवो बाबाजी, राहू द्या न. हे लोकं कुठी बसतीन?"

"तुह्या डोक्यावर."

तो हसला, पण आडवा उभा राहिला. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या अंगावर फेकला. "हा लाव."

"याले कड्या नाही."

"खिळे ठोक."

घरी आणून मोरीत धुतलं. साबण, मग सोडा, पुन्हा साबण. सून नाकाला पदर लावून म्हणाली, "मामाजी, जाळून टाका न ते. वास येते." येतो. मलाही येतो. किळस येते, खोटं काऊन बोलू? तरी अंगणातल्या दोरीवर वाळू घातलं आणि एकेक कडी ओढून पाहिली. एकही हलली नाही.