मोरिता-सानचा शनिवार

सुप्रभाताई सायकलवर असताना कोणाकडे बघत नाहीत, म्हणून नवीन आलेल्यांना त्या शिष्ट वाटतात. मलाही वाटल्या होत्या. पुढे कळलं, की पन्नाशीत सायकल शिकलेल्या बाईला समोरच्या रस्त्यापलीकडे काही दिसतच नाही. इथं जपानात, ओजिमातल्या आमच्या इमारतीतून त्या रोज एदोगावातल्या शाळेत जातात आणि नववीला इतिहास शिकवतात. माझी नुपूर त्यांच्याच वर्गात आहे.

त्यांचे यजमान हेमचंद्रकाका संशोधक होते. त्यांच्यामागोमाग ताई इथं आल्या आणि पहिल्याच आठवड्यात कचऱ्याचा घोळ करून बसल्या. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी काचेच्या बाटल्या ठेवल्या. समोरच्या घरातल्या मोरिता-सान ती पिशवी वर घेऊन आल्या, ताईंच्या दारात बैठक मारून एकेक वस्तू वेगळी करून दाखवली आणि हसत निघून गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मैत्री जमली. काका गेले तेव्हा इथल्या मराठी मंडळातले आम्ही सगळे धावलो, डबे पोचवले आणि दिवस झाल्यावर आपापल्या कामाला लागलो. मोरिता-सान मात्र कितीतरी महिने रोज संध्याकाळी येऊन बसायच्या, फार न बोलता संत्री सोलून द्यायच्या. भाऊ पुण्याला बोलावत होता, तरी ताई इथं राहिल्या त्या या सोबतीसाठी. हे त्या स्वतःच सांगतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

मोरिता-सान एकट्या. मूलबाळ नाही. त्यांचा आठवड्याचा सण म्हणजे शनिवार. दुपारी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमायच्या, चहा प्यायच्या, घरची लोणची एकमेकींना चाखायला द्यायच्या, शाळेतली गाणी म्हणायच्या. इमारत बांधली तेव्हापासूनचा हा रिवाज. तो कुठं लिहिलेला नव्हता. शनिवारी हॉल म्हाताऱ्यांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे लिहायची गरजच पडली नव्हती.

मग आला आमचा पियुष. पोरगा मनानं लोण्यासारखा, फक्त त्याला कुठं काही हातानं चाललेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. इमारतीच्या समितीला त्यानं हॉलच्या बुकिंगसाठी फुकट ॲप करून दिलं, जपानीत, मोठ्या अक्षरांत. समितीचे आजोबा इतके वाकून आभार मानत होते, की पियुषलाही कमरेत वाकून वाकून उसण भरली. ॲपमध्ये शनिवार दुपार रिकामी दिसत होती. तिथं आम्ही मुलांची मराठी शाळा टाकली. मग नाचाची तालीम, मग कोणाकोणाचे वाढदिवस. बघता बघता वर्षभराचे शनिवार आमचे झाले. कोणी हूं की चूं केलं नाही. ताईंनी एकदा मोरिता-सानना विचारलं, हल्ली खाली दिसत नाही तुम्ही? गुडघे दुखतात, असं त्या म्हणाल्या. ताईंनी त्यांना आपल्याकडचं तेल नेऊन दिलं.

अशात व्यवस्थापन कार्यालयानं नोटीस लावली: हॉल सहा वाजता रिकामा करायचा, आत तळण करायचं नाही. झालं, मंडळ पेटलं. रविवारी सभा बोलावली, निषेधाचं पत्र तयार झालं, आणि एरवी चटणी संपली तरी न बोलणारा विवेक उभा राहिला.

"भाडं आपण भरायचं, मेंटेनन्स आपण द्यायचा, आणि रूल्स ते ठरवणार? आपल्याला विचारणारसुद्धा नाहीत? हे चालणार नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, चांगल्या दणकून.

ताई उठल्या. "विवेक, हे मी परवाच नववीला शिकवलं. अमेरिकेतले इंग्रज वसाहतवाले आपल्या राजाला अगदी हेच म्हणत होते. कर आम्ही द्यायचा आणि आम्हाला विचारायचं नाही. वर्गानंही अशाच टाळ्या वाजवल्या."

"बघा," विवेक म्हणाला.

"टाळ्या थांबल्यावर हिच्या नुपूरनं एक प्रश्न विचारला. या लोकांना पहिल्या हिवाळ्यांत तिथल्या मूळच्या माणसांनी मका देऊन जगवलं, पेरायला शिकवलं. मग त्यांचीच जमीन यांची कशी झाली? मी म्हटलं, त्यांच्याकडे कागद नव्हता. हे कागद करून कुंपण घालत गेले. डोंगरापलीकडे जाऊ नका असं राजानं बजावलं, तर तोही यांना जुलूम वाटला. नुपूर म्हणाली, पण मिस, सगळ्यांना माहीतच असेल तर ते कागद कशाला करतील?" ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून मोरिता-सान हलत नाहीत. आपल्या आधी शनिवारी इथं कोण बसायचं, सांगा कोणीतरी."

पियुषचा चेहरा उतरला. "ताई, ॲपमध्ये स्लॉट रिकामा होता. खरंच रिकामा दिसत होता."

"दिसत होता, बाळा. तू लबाडी केली नाहीस. आपल्यापैकी कोणीच केली नाही. पण माझ्या दारात कचरा निवडत बसलेल्या बाईचा होता नव्हता तो एकच दिवस मी घेतला, आणि वर तिला गुडघ्याला तेल दिलं."

निषेधाचं पत्र तसंच टेबलावर राहिलं. मंडळातल्या अनुरागनं हळूच त्यावर चहाचा ट्रे ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सोबतीला मला नेलं. माफी मागायला जाताना इथं मिठाईचा खोका नेतात, तो घेतला होता. मोरिता-साननी दारातच ऐकून घेतलं. त्यांना राग नव्हता, आणि तेच फार जड गेलं.

"तुमच्याकडे मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "मुलांना जागा लागते. आम्ही काय, म्हाताऱ्या." मग म्हणाल्या, "कोणीतरी येऊन विचारेल असं वाटलं होतं. विचारलं असतं, तर आम्ही हॉल आनंदानं दिला असता."

ताईंनी मान खाली घातली, ती वर करेनात. शनिवारच्या मैत्रिणींपैकी ओकाझाकी-सानना त्यांच्या मुलानं वसंतात वृद्धाश्रमात ठेवलं, हेही तेव्हाच कळलं. त्यांचे शेवटचे शनिवार आमच्या नाचाच्या तालमीत गेले. मला घरी येऊन पोळ्या लाटवेनात.

पियुषनं ॲपमधून शनिवार कायमचा काढून टाकला, आता तो कोणालाच घेता येत नाही. मराठी शाळा रविवारी सकाळी गेली, आयांनी कुरकुर केली आणि सवयही करून घेतली. पण हॉल मोकळा झाला म्हणून माणसं परत येत नाहीत. पहिल्या शनिवारी ताई एकट्याच किटली घेऊन बसून राहिल्या. दुसऱ्या शनिवारीही तेच. मी म्हटलं, "ताई, त्यांचं मन उडालं असेल हो." त्या म्हणाल्या, "उडालं असेल तर तो त्यांचा हक्क. मी बसते."

पुढच्या शनिवारी मी खाली डोकावले तेव्हा ताईंच्या समोरचे कप तसेच पालथे होते. इतक्यात मोरिता-सान आल्या, हातात लोणच्याचा डबा. उंबऱ्याशी बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट लावले आणि वाकून म्हणाल्या, "ओजामाशिमास."

परक्याच्या घरात शिरताना इथं हे म्हणतात. तुम्हाला त्रास देते, असा त्याचा अर्थ. जिथं त्यांचं आयुष्य गेलं त्या हॉलच्या दारात त्या ते म्हणाल्या.

ताई उठल्या, मोरिता-सानचा हात धरून त्यांना आत आणलं, खिडकीजवळ बसवलं. मग स्वतः तशाच मोज्यांवर बाहेर गेल्या, व्हरांड्याच्या गार फरशीवर उभ्या राहिल्या, कंबरेत खोल वाकल्या आणि म्हणाल्या, "ओजामाशिमास."

मोरिता-सान त्यांच्याकडे बघत राहिल्या. हातरुमाल पदरासारखा एकदा डोळ्यांना लावला. मग आपल्या घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "या, आत या."