नासारेनोच्या झग्याला साबण

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात नासारेनोचा जांभळा झगा धुवायचा मान तिमोतेआचा. खांद्यावर क्रूस घेतलेला हा लाकडी येशू गावच्या देवळात उभा असतो. त्याचा झगा आधी तिची आई धुवायची, आईमागं ती. झऱ्यावर न्यायचा, घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या टाकलेल्या पाण्यात खळबळायचा. ते पाणी बाया बाटल्यांत भरून नेतात, आजाऱ्याला पाजतात, मक्याच्या बियाण्यावर शिंपडतात. म्हणून साबण लावायचा नाही, एवढाच नेम.

यंदा तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. पावसाळ्यात दरड कोसळली आणि कॉफीच्या मळ्यातून परतणारा नवरा, सेल्सो, तिच्याखाली गेला. तेव्हापासून ती मक्याच्या भाकऱ्या थापायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, देवळात मिस्साच्या प्रार्थनेला जाऊन बसायची. पण आतून सगळं बधिर. झोपेत अंगाखाली सापडलेला हात जसा आपला वाटत नाही, तसं. देवळाचा कारभारी एलिहिओ झऱ्यावर यायचाच होता. त्याला आज सांगून टाकायचं तिनं ठरवलं होतं, मान दुसरीला द्या म्हणून; बोलायचंय असा निरोपही धाडला होता. आत काही हालत नसताना देवाचं काम कशाला करायचं?

बाया बाटल्या घेऊन काठावर बसल्या होत्या. तिमोतेआनं झगा भिजवला. मग हात आपसूक टोपलीत गेला, घरच्या धुण्याचा काळा साबण निघाला, आणि ती गळपट्टी घासायला लागली. सेल्सोच्या सदऱ्याची घासायची तशीच, दात खाऊन.

"कोमाद्रे," पेत्रोनिला हळूच म्हणाली. ती तिमोतेआच्या लेकीची धर्ममाय, म्हणून ही हाक. "काय करतीस गं?"

"गळपट्टी घासतीया. घामानं काळी हुती."

"कुणाची?"

तिमोतेआनं खाली बघितलं. गळपट्टी स्वच्छ होती. भोवती फेसच फेस, त्यात पाकळ्या तरंगत होत्या.

"लाकडाचा हाय त्यो," पेत्रोनिला म्हणाली. "त्याला कुठला घाम? आता सासूला काय फेस पाजू? आदीच तिचं पोट बिघडलंय."

"पाज. आतनं तरी निघंल धुऊन."

हे आपणच बोललो, याचं तिमोतेआला नवल वाटलं. पोटातून काहीतरी वर आलं. आधी तिला उचकी वाटली. मग कळलं, हसू आहे. बायाही तोंडाला शालीचा पदर लावून हसायला लागल्या, पेत्रोनिलाची सासू कशी आहे ते ठाऊक असल्यामुळं जरा जास्तच.

फार वेळ टिकलं नाही ते. तिनं फेसाचं पाणी गवतात ओतलं, नवं घेतलं, पाकळ्या टाकल्या, झगा पुन्हा बुडवला. पाणी गार होतं. सकाळपासून हात त्यातच होते, पण गार असल्याचं तिला आत्ता कळलं. बोटं ठणकत होती. तिनं ती तशीच आत ठेवली.

बाटल्या भरून झाल्यावर एलिहिओ आला. "मला कायतरी सांगायचं हुतं म्हनं तुला?"

"व्हय." तिनं झगा पिळला. "फुडल्या साली निघताना माझी टोपली तपासा. साबण दिसला तर काढून घ्या."