टॉलिव्हरबाईंचा वर्ग

टॉलिव्हरबाईंनी आमच्या काळ्यांच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. अलाबामात काळ्यांना पुढचं शिकायला विद्यापीठाचं दार बंद, म्हणून सरकारच भाडं देऊन त्यांना उन्हाळ्याच्या सुटीत न्यूयॉर्कला धाडायचं. असे पाच उन्हाळे आगगाडीने जाऊन बाई एम.ए. झाल्या. गोऱ्यांच्या शाळेतसुद्धा एवढं शिकलेलं कोणी नव्हतं.

मग काळ्या पोरांनाही गोऱ्यांच्या शाळेत घ्यायचं असा कायदा आला आणि घरोघरी कागद आले. मुलांना कुठली शाळा हवी, तिथे खूण करा. गोऱ्यांच्या शाळेवर खूण करायला कोणी धजेना, कारण गोरा मालक दुसऱ्या दिवशी कामावरून काढायचा. बाई मात्र टोपी, हातमोजे घालून दारोदार फिरल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी व्हरांड्यात वाल सोलत होते.

"अगं लुईला, सही कर. तिथल्या प्रयोगशाळेत नळाला पाणी येतं. आपल्याकडे नुसताच नळ."

"आणि तुम्ही हो बाई? सगळी पोरं तिकडे गेली तर शिकवाल कुणाला, भिंतींना?"

"अगं, पोरं जिथं तिथं मी. शाळा एक झाली की मास्तरही एकच होणार ना! गणित काय रंग बघतं?"

कुंपणापलीकडून शेजारचा रुफस ओरडला, "गणित नाही बघत बाई, पण हेडमास्तर बघतो!"

"तुला दोनदा नापास केलं, तो राग अजून गेला नाही वाटतं," बाई म्हणाल्या. मी हसत हसत सही केली.

माझी लेक जॅनेट तिकडे गेली. पहिलं वर्षभर डबा खाताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या वर्षी दोन गोऱ्या मुली येऊन बसू लागल्या. तिसऱ्या वर्षी कोर्टाने दोन्ही शाळा एक करायला लावल्या, म्हणजे आमची बंद केली. मास्तरांना एकेक करून कचेरीत बोलावलं. बाई दहा मिनिटांत बाहेर आल्या आणि तडक माझ्याकडे.

"वर्ग नाही म्हणाले. गोऱ्या पालकांना चालायचं नाही. जेवणाच्या खोलीत पोरांवर लक्ष ठेवायला माणूस हवंय म्हणे."

"तोंडावर 'नाही' म्हणायचं होतंत!"

"म्हणणारच होते गं." त्या हातमोज्याचं एकेक बोट ओढत राहिल्या. "मग वाटलं, निदान पोरं तरी दिसतील."



शाळा उघडली त्या दिवशी जॅनेट घरी आली ती थेट आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी तिनेच सांगितलं, "आई, बाई भिंतीशी उभ्या होत्या. कुणाचं दूध सांडलं की फडकं आणायच्या. माझ्याबरोबरच्या मुलींनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, ठाऊक नाही."

मी तिचा हात धरून तिला बाईंच्या घरी नेलं. दार उघडल्या उघडल्या पोरगी रडायलाच लागली. बाईंनी तिला तोंड उघडू दिलं नाही.

"मी ऐकलं गं सगळं," त्या म्हणाल्या. "उद्याही तसंच म्हण. तू बाई म्हणून हाक मारलीस, तर मला तिथं उभं राहवायचं नाही."