मोड आलेले वाल

तरसालीच्या बाजारात मोड आलेले वाल विकणारी एक गुजराती बाई आहे. ती एकेक दाणा नखाने दाबून बघते, मगच तराजूत टाकते. डाळिंबी भातापुरते पाव किलो वाल घ्यायला अर्धा तास जातो. मी वैतागते, पण तिथेच उभी राहते.

"कडक दाणो नीकळशे तो सासु तमने बोलशे, बेन, मने नहीं," ती म्हणते, म्हणजे कडक दाणा निघाला तर बोलणी मलाच बसणार.

एकदा कंटाळून मी शेजारच्या गाडीवरून घेतले. जेवताना सासूबाईंनी तीन कडक दाणे ताटाच्या कडेला काढले. "एवढी कसली घाई होती?"

पुढच्या आठवड्यात मी परत तिच्यासमोर पिशवी धरली. ती माझ्याकडे बघून हसली आणि आणखीच हळू निवडू लागली.