ब्रेकचं उत्तर

मंगरूळपीरला माझी पिकअप दुरुस्त करणारा मिस्त्री आधी चारी चाकांवर तळहात ठेवून बघायचा. जास्त माल भरता यावा म्हणून मी गाडीच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले होते. चाक तापलेलं लागलं की तो म्हणायचा, "भाऊ, इतकं सोयाबीन कायले भरता? पाटे वाढवले तुमी, ब्रेक थोडेच वाढले?" मी हसण्यावारी न्यायचो.

पुढे उतारावर ब्रेक लागेनासे झाले, तेव्हा मी गाडी विकायला काढली. केनवडचं गिऱ्हाईक गॅरेजवरच आलं. त्यानं मिस्त्रीला विचारलं, "चाचा, ब्रेक कसे हायेत?" मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

"एकदम ओके," मीच बोललो. मिस्त्री फडक्यानं हात पुसत राहिला.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "बोलले नाही, बरं केलं."

"तुमी खोटं बोलले, थे तुमचं. मी चूप राह्यलो, आता थे गाडी माह्या गळ्यात हाये." एवढं म्हणून त्यानं मोटरसायकल काढली आणि तो केनवडच्या रस्त्याला लागला.

त्यानं गाडी गाठून परत आणली, ब्रेक नीट केले, हे मला नंतर कळलं. त्याच्या मागे मी गेलो नव्हतो. नवी गाडी आता वाशिमच्या गॅरेजात दाखवतो. कोणी विचारलं तर सांगतो, तिथं काम चांगलं होतं. तेही खोटंच.